जुनी गाडी, लाल शिक्क्याचं पाकीट आणि ‘तुमची निवड’

अबोली_ओहायो | रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज डोकं तापलंय म्हणून लिहितेय.

मागच्या महिन्यात टपालात एक पाकीट आलं, वर लाल शिक्का. आमच्याकडे ‘तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आली आहे’ छापाची पाकिटं इतकी येतात की हेही थेट रद्दीत गेलं. लेकाने रॉकेट करायला ते उचललं, तेव्हा कुठे मी नीट वाचलं. रिकॉल, म्हणजे दोष निघालेली गाडी कंपनीने दुरुस्तीला परत बोलावणं. पुढच्या प्रवासी सीटची एअरबॅग उघडताना तिचा धातूचा डबा फुटू शकतो, दुरुस्ती होईपर्यंत त्या सीटवर कुणाला बसवू नका. माझी आई गेल्या उन्हाळ्यात पाच महिने इथे होती. रोज त्याच सीटवर बसून देवळात, ग्रोसरीला, लेकाला आणायला यायची.

गाडी २०२१ मध्ये गावाबाहेरच्या एका सेकंडहँड डीलरकडून घेतली. ‘बघून घ्यायचं ना’ म्हणणाऱ्यांसाठी: बघितली होती. टायर, ऑइल, गंज, सगळं. ओळखीच्या मेकॅनिकने लिफ्टवर चढवून खालूनही पाहिली. पण हा रिकॉल मी गाडी घ्यायच्या आधीच जाहीर झालेला होता! डीलरला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, “मॅम, यात बेकायदा काहीच नाही.”

रात्रभर शोधलं. तो खरं बोलत होता. नव्या गाडीवर रिकॉल असेल तर दुरुस्त केल्याशिवाय डीलरला ती विकता येत नाही. ज्यांच्याकडे ३५ हून जास्त गाड्या आहेत अशा भाड्याच्या कंपन्यांना जून २०१६ पासून अशी गाडी भाड्यानेही देता येत नाही. जुनी गाडी विकायला मात्र केंद्राच्या कायद्याची आडकाठी नाही. म्हणजे विमानतळावर दोन दिवसांसाठी घेतलेल्या गाडीला जो नियम, तो माझ्या रोजच्या गाडीला नाही.

इथे उठता-बसता ‘कस्टमर चॉइस’ ऐकते. मी नक्की काय निवडलं होतं?

---

भोचक | रविवार, रात्री १०:४०

आधी गाडी दुरुस्त करा, मग धागा काढा. बाकी चालू द्या, चहा ठेवलाय.

---

मिशिगनकर | सोमवार, सकाळी ६:०५

अबोली, भोचक यांनी खवचटपणे सांगितलंय पण बरोबर सांगितलंय. दुरुस्ती फुकट असते. गाडी पहिल्यांदा विकली गेल्यापासून १५ वर्षांपर्यंत तो खर्च गाडी बनवणाऱ्या कंपनीनेच करायचा, गाडी कितव्या मालकाकडे आहे याच्याशी संबंध नाही. ज्याने विकली त्याच्याकडे जाऊ नकोस, त्या कंपनीच्या अधिकृत डीलरकडे जा.

आता म्हाताऱ्याची बडबड. मी १९८१ साली डेट्रॉईटला आलो आणि सीट बेल्टची बक्कलं करणाऱ्या एका पुरवठादाराकडे चिकटलो. तिथले जुने लोक ७४ सालच्या गाड्यांची गोष्ट हसून हसून सांगायचे. त्या वर्षीच्या मॉडेलना ‘इंटरलॉक’ होतं: पुढच्या सीटवरच्यांनी बेल्ट लावल्याशिवाय गाडी चालूच व्हायची नाही. सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर. त्याला माणूस आणि बटाट्याची पिशवी यांतला फरक कळत नसे. किराणा पुढे ठेवला, गाडी बंद. कुत्रं बसलं, गाडी बंद. भर पावसात बाया पिशव्यांना बेल्ट लावत होत्या. लोक इतके पिसाळले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने (इथल्या संसदेने) कायदा करून इंटरलॉकची सक्ती मोडीत काढली. वर असंही घातलं की बेल्टची आठवण करून देणारा बझर आठ सेकंदांपेक्षा जास्त वाजवायची सक्ती सरकारला करता येणार नाही. आठ सेकंद! ते बंधन २०१२ पर्यंत टिकलं.

गाडीत बेल्ट असलेच पाहिजेत, हा नियम १९६८ चा. ते लावलेच पाहिजेत, हा पहिला राज्य कायदा न्यूयॉर्कचा, १९८४ चा. मधली सोळा वर्षं बेल्ट सीटच्या फटीत चिल्लर आणि शेंगदाण्यांबरोबर पडून होते. न्यू हॅम्पशायरमध्ये तर प्रौढांना अजूनही सक्ती नाही. तिथल्या नंबरप्लेटवर लिहिलेलंच असतं, स्वतंत्र जगा नाहीतर मरा. दोन्ही पर्याय दिलेत.

एअरबॅगची कथा याहून भारी. ७७ मध्ये कार्टर सरकारने नियम केला की अपघातात आपोआप संरक्षण देणारी काहीतरी सोय हवी, एअरबॅग किंवा स्वयंचलित बेल्ट. ८१ मध्ये रेगन सरकारने तो रद्द केला. सरकारला नियम नको, गाडी कंपन्यांना नको. मग नियम हवा म्हणून कोर्टात कोण गेलं असेल? स्टेट फार्म, विमा कंपनी! डोकी फुटली की बिल त्यांना येणार. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारला सुनावलं की नियम रद्द करायलाही धड कारण लागतं. शेवटी ९१ चा कायदा झाला आणि १९९८ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या कारमध्ये पुढे दोन एअरबॅगा आल्या.

मधल्या काळातले मोटरवर चालणारे बेल्ट कुणाला आठवतात का? दार लावलं की खांद्याचा पट्टा रुळावरून सरकत यायचा आणि टोपी उडवायचा.

---

चिंगी_सिएटल | सोमवार, सकाळी ९:२०

काका, आठवतात! बाबांच्या ९२ च्या फोर्ड एस्कॉर्टला होते. भारतातून पाहुणे आले की बाबा मुद्दाम दोनदोनदा दार उघडून दाखवायचे. खांद्याचा पट्टा आपोआप यायचा, पण कमरेचा हाताने लावावा लागायचा आणि तो कुणीच लावायचं नाही.

---

टेक्सासचा_तात्या | सोमवार, दुपारी १२:५०

अबोलीताई, झालं ते वाईटच. पण काकांच्या पोस्टीत एक जागा गाळलेली आहे, ती मी भरतो.

९० च्या दशकातल्या त्याच सक्तीच्या एअरबॅगांनी मुलं आणि ठेंगण्या बायका मारल्या. १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या टकरींमध्ये एअरबॅगच्याच तडाख्याने २९० हून जास्त माणसं गेली. का? कारण सरकारी चाचणीत बेल्ट न लावलेला, मध्यम बांध्याचा पुरुषी पुतळा ताशी ३० मैलांवर भिंतीवर आदळायचा, आणि त्याला वाचवायचं होतं. बेल्ट न लावणाऱ्या बाप्यासाठी पिशवी इतकी जोरात उघडायला लावली की बेल्ट लावून बसलेल्या पाच फुटी आजीची मान मोडली. ९८ मध्ये ती बंद करायच्या बटणाची परवानगी मिळाली, तर त्यासाठी फॉर्म भरून केंद्र सरकारकडे अर्ज! स्वतःच्या गाडीतली पिशवी बंद करायला.

दुसरं. रस्त्यावर एवढ्या अगडबंब एसयूव्ही का दिसतात? ‘लोकांना आवडतात’ हे अर्धंच उत्तर. ७५ च्या इंधन-बचतीच्या कायद्याने कारला कडक मापं लावली आणि ‘हलक्या ट्रक’ना सैल. मग कंपन्यांनी घरातली गाडीच ट्रक म्हणून बनवायला घेतली. पीटी क्रूझर आठवते? ती बुटकी, गोलमटोल गाडी सरकारदरबारी ट्रक होती. त्यात परदेशी पिकअपवर १९६४ पासून २५ टक्के जकात. तीही का, तर युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला म्हणून. कोंबडीचं भांडण, आणि साठ वर्षं झाली तरी मला छोटा जपानी पिकअप मिळत नाही.

सरकार बाजारात हात घालतं तेव्हा हात कुठून बाहेर येईल ते त्यालाही माहीत नसतं, एवढंच माझं म्हणणं. आमच्याकडे १ जानेवारी २०२५ पासून खाजगी गाड्यांची वार्षिक सेफ्टी तपासणी बंद झाली. आकाश कोसळलं नाही.

---

भोचक | सोमवार, दुपारी १:०५

तपासणी बंद झाली, पण तिचे साडेसात डॉलर रजिस्ट्रेशनबरोबर अजून भरता की नाही तात्या?

---

टेक्सासचा_तात्या | सोमवार, दुपारी १:११

भरतो. त्यावर वेगळा धागा काढणार आहे.

---

चिंगी_सिएटल | सोमवार, दुपारी ३:३०

तात्या, एसयूव्हीचं पटलं. एअरबॅगचं अर्धंच. चूक नियमात होती हे खरं, पण ती सुधारली कशी? ९७ पासून पिशव्यांचा जोर कमी करायची मुभा मिळाली, नंतर लहान बांध्याच्या बाईचे आणि मुलांचे पुतळे चाचणीत आले, तेही नियमानेच. समोरच्या सन व्हायझरवर ‘मुलांना मागे बसवा’ असं लिहिलेलं असतं ना, ते कंपनीने प्रेमाने लावलेलं नाही.

मी मागच्या कॅमेऱ्याचं सांगते, कारण त्यात उशिराची किंमत दिसते. गाडी मागे घेताना अंगणातलं मूल दिसत नाही, आणि चालवणारे बहुतेकदा आईबाप किंवा आजीआजोबा असतात. लाँग आयलंडमध्ये अशा अपघातात गेलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या नावाने २००८ मध्ये कायदा झाला. नियम २०११ पर्यंत यायचा होता. पुढे ढकलला, पुन्हा ढकलला. पक्का झाला २०१४ मध्ये, सगळ्या नव्या गाड्यांना लागू झाला मे २०१८ मध्ये. दहा वर्षं, दीडशे डॉलरच्याही आतल्या वस्तूसाठी! त्या दहा वर्षांत कॅमेरा मिळत होता की, पण सनरूफ आणि लेदर सीट असलेल्या महागड्या पॅकेजात. चॉइस होता, फक्त तो लेदरच्या सीटला चिकटवलेला होता.

---

गुळपोळी | सोमवार, संध्याकाळी ५:४५

कंपन्या माणसाच्या जिवाची किंमत लावतात हो. फोर्ड पिंटो विसरलात का सगळे? ११ डॉलरचा भाग वाचवण्यासाठी माणसं जाळली. मेमोच सापडला होता, एक जीव = दोन लाख डॉलर.

---

मिशिगनकर | सोमवार, रात्री ८:१०

गुळपोळी, ही गोष्ट प्रत्येक कॉलेजात अशीच शिकवतात, म्हणून जरा थांबून लिहितो. त्या मेमोतला हिशोब एकट्या पिंटोचा नव्हताच. गाडी उलटल्यावर पेट्रोल गळू नये यासाठी जो नियम येऊ घातला होता, त्याबद्दल सगळ्या प्रकारच्या गाड्या धरून फोर्डने सरकारी खात्याला पाठवलेला तो कागद होता. पिंटोचा दोष वेगळा: मागून धडक बसली की टाकी चेपायची. आणि दोन लाखांचा आकडा फोर्डने हवेतून काढला नव्हता, तो त्या सरकारी खात्याचाच होता.

याने फोर्ड धुतल्या तांदळासारखी होत नाही. टाकी धोक्याची होतीच, ७८ मध्ये १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कॅलिफोर्नियात ज्यूरीने साडेबारा कोटी डॉलर दंड ठोकला, न्यायाधीशांनी तो ३५ लाखांवर आणला. इंडियानात कंपनीवर चक्क मनुष्यवधाचा खटला भरला गेला, पण १९८० मध्ये ती सुटली. सांगायचा मुद्दा हा की ‘जिवाची किंमत’ सरकारही लावतं, आजही लावतं. त्याशिवाय नियमाचा खर्च परवडतो की नाही हे ठरवता येत नाही. माझं अर्धं आयुष्य असल्या तक्त्यांत गेलं. तक्ता वाईट नसतो, तो कपाटात बंद असतो ते वाईट.

मला पिंटोपेक्षा जनरल मोटर्सचं इग्निशन स्विच जास्त टोचतं, कारण ते आमच्याच धंद्यातल्या माणसांचं पाप. किल्लीला जड जुडगा असला किंवा गुडघा लागला की स्विच सरकायचं, चालत्या गाडीचं इंजिन बंद, आणि मग अपघात झाला तर एअरबॅग उघडायची नाही. २००६ मध्ये कुणीतरी ते स्विच गुपचूप सुधारलं आणि पार्ट नंबर तोच ठेवला. बाहेरच्या लोकांना हे किती भयंकर आहे ते कळत नाही. आमच्याकडे स्क्रूचं डोकं बदललं तरी नंबर बदलतो. नंबर तोच ठेवला म्हणजे जुन्या आणि नव्या गाड्यांत फरक का पडतोय ते नंतर शोधणाऱ्याला कधीच कळू नये. ते शोधलं कुणी? सरकारी खात्याने नाही. एका मृत मुलीच्या आईबापांच्या वकिलाने नेमलेल्या इंजिनिअरने, भंगारातून आणलेलं जुनं आणि दुकानातून आणलेलं नवं स्विच शेजारी ठेवून. रिकॉल झाला २०१४ मध्ये. भरपाईच्या योजनेत १२४ मृत्यू मान्य झाले. २०१५ मध्ये कंपनीने ९० कोटी डॉलर भरले. तुरुंगात कुणी गेलं नाही.

---

कज्जेदलाल | सोमवार, रात्री ११:३०

न्यूजर्सीत पॅरालीगल (वकिलांचा मदतनीस) आहे, वकील नाही, हा कायदेशीर सल्ला नाही वगैरे.

काकांच्या शेवटच्या गोष्टीतला कळीचा शब्द ‘वकील’. अमेरिकेत कंपनीला जाब विचारायचे दोन रस्ते: आधी नियम, नाहीतर नंतर खटला. युरोपात पहिल्यावर भर, इथे दुसऱ्यावर. तात्यांसारखे लोक म्हणतात नियम कमी करा, कोर्ट आहे ना. ठीक. पण मग कोर्टाचं दार तरी उघडं हवं.

अबोली, तुझ्या विक्रीच्या करारात ‘आर्बिट्रेशन’चं कलम आहे का बघ. बहुतेक असेल. म्हणजे वाद झाला तर कोर्टात जायचं नाही, लवादापुढे जायचं, आणि एकट्याने, समूह-दावा नाही. २०११ मध्ये ‘फुकट’ फोनवर लावलेल्या ३० डॉलर २२ सेंट कराच्या भांडणात सुप्रीम कोर्टाने अशा कलमांना भक्कम आधार दिला. तीस डॉलरसाठी एकटा माणूस कोण भांडणार? नेमकं तेच. २०१७ मध्ये बँका आणि क्रेडिट कार्डांपुरता यातून मार्ग काढणारा नियम आला होता, तो सेनेटने ५१ विरुद्ध ५० मतांनी पाडला. उपाध्यक्षांना मत टाकावं लागलं.

आता खरी मजा. गाड्या विकणाऱ्या डीलरांना स्वतःला मात्र हे कलम नको होतं! गाडी कंपन्या आमच्यावर लवाद लादतात, आम्ही छोटी माणसं, आमचा कोर्टाचा हक्क जातो, असं रडगाणं गाऊन त्यांनी २००२ मध्ये काँग्रेसकडून खास स्वतःसाठी सूट मिळवली. आणि तेच कलम ते तुमच्या-आमच्या करारात बारीक टायपात घालतात. सासूने छळलं म्हणून रडायचं आणि सून आली की तेच करायचं.

---

टेक्सासचा_तात्या | मंगळवार, सकाळी ७:४०

डीलरांचं हे माहीत नव्हतं. यावर मी तुमच्या बाजूने. बाजार म्हणायचा तर कोर्ट हवंच.

---

चाकण_चौक | मंगळवार, सकाळी ९:५५

पुणेकर असल्याने सक्ती या विषयावर बोलायचा मला नैतिक अधिकार नाही (हेल्मेट). तरी लिहितो.

२०१५ मध्ये फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण अमेरिकेत फुटलं तेव्हा मी चाकणला एका पुरवठादाराकडे होतो. गाडी चाचणीला लावली आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. पकडलं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या छोट्या टोळीने, गाडीच्या डिकीत मोजणीची यंत्रं ठेवून रस्त्यावर हिंडून. तिथे जवळपास ४ लाख ८० हजार गाड्या. २०१६ ची तडजोड १४.७ अब्ज डॉलरची: गाडी परत घ्या, वर ग्राहकाला किमान पाच हजार डॉलर रोख. कंपनीचे दोन जण तिथे तुरुंगातही गेले.

इकडे आपल्या पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने गाड्या रस्त्यावर चालवून पाहिल्या, तर आकडे प्रयोगशाळेच्या कितीतरी पट. भारतात ३ लाख २३ हजार गाड्यांचा रिकॉल जाहीर झाला. ग्राहकाला काय? सॉफ्टवेअर अपडेट. २०१९ मध्ये हरित लवादाने ५०० कोटींचा दंड लावला, तो पुन्हा सुप्रीम कोर्टात. एकच इंजिन, एकच लबाडी. म्हणून तुम्ही लोक तिथल्या वकिलांना शिव्या घालता तेव्हा आम्हाला जरा हेवा वाटतो.

---

गुळपोळी | मंगळवार, सकाळी १०:२०

अवांतर: फुटणारी एअरबॅग म्हणजे ताकाता कंपनीची ना? ती कंपनी बुडाली तर पैसे कोण देतं?

---

मिशिगनकर | मंगळवार, सकाळी ११:००

अबोलीचं पत्र कोणत्या बॅगचं ते तिलाच माहीत, पण ताकाताचं थोडक्यात सांगतो. पिशवी फुगवायला त्यांनी अमोनियम नायट्रेट वापरलं, स्वस्त आणि आटोपशीर. पण वर्षानुवर्षं दमट हवा आणि उष्ण-थंडाचे फेरे सोसले की त्याचा पोत बिघडतो, ते हवं त्यापेक्षा झपाट्याने जळतं, आणि धातूचा डबा हातबॉम्बसारखा फुटतो. म्हणून फ्लोरिडासारखी राज्यं दुरुस्तीत आधी घेतली. अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख डबे रिकॉलमध्ये, इथल्या इतिहासातला सगळ्यात मोठा. सुट्या भागांची इतकी टंचाई की सुरुवातीला बऱ्याच जणांना त्याच जातीचा, फक्त नवा डबा बसवून दिला आणि काही वर्षांनी पुन्हा बोलावलं. शिवाय ताकाताने चाचणीचे आकडे बदलले होते. २०१७ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला, एक अब्ज डॉलरचा दंड, त्याच वर्षी दिवाळं. पैसे भरले गाडी कंपन्यांनी, कारण कायद्याने रिकॉलची जबाबदारी गाडीवर ज्याचं नाव त्याची.

---

अबोली_ओहायो | शनिवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

बुधवारी अधिकृत डीलरकडे गेले. दीड तास, फुकट. वेटिंग रूममधल्या कॉफीने मात्र सूड उगवला.

कज्जेदलाल म्हणाले म्हणून कागदांची फाइल काढली. लवादाचं कलम आहे. आणि त्याच फाइलमध्ये गाडीच्या काचेवर लावलेला तो सरकारी नमुन्याचा कागद मिळाला, ‘आहे तशी, डीलरची हमी नाही’वाला. त्यावर छापलंय: रिकॉल आहे का ते सरकारी साइटवर गाडीचा व्हीआयएन (नंबरप्लेटचा नव्हे, कारखान्यात दिलेला नंबर) टाकून तपासा. म्हणजे मला सांगितलं होतं. खाली माझीच सही. डीलरला स्वतः ते तपासायला अर्धा मिनिट लागलं असतं, हे अजूनही म्हणते. पण रविवारी ज्या तावात लिहिलं होतं तो ताव आता राहिला नाही.

कारण फाइलमध्ये आणखी एक कागद होता. या गाडीच्या आधी माझ्याकडे होती त्या जुन्या हॅचबॅकच्या टायटलची (मालकीच्या कागदाची) झेरॉक्स. ती मी युनिव्हर्सिटीत नव्याने आलेल्या एका मुलाला विकली होती, नाशिककडचा, बाविशीचा. टायर दाखवले, ऑइल दाखवलं, दोनशे डॉलर कमी केले, आईने त्याला लाडू बांधून दिले. तिचा सतरा अक्षर-आकड्यांचा नंबर साइटवर टाकला. दोन रिकॉल उघडे आहेत, एक मी विकायच्या आधीचा.

त्याचा तेव्हाचा फोन बंद लागतोय, ईमेल परत आली. पदवी घेऊन क्लीव्हलँडकडे गेला असं कुणीतरी म्हणालं. तिथल्या मंडळाच्या ग्रुपवर कुणी आहे का इथे?

---

चिंगी_सिएटल | शनिवार, रात्री ९:४८

माझी मामेबहीण आहे. गाडीचा रंग आणि वर्ष व्यक्तिगत निरोपात कळव, नाव इथे नको. आत्ता टाकायला सांगते.

---

टेक्सासचा_तात्या | शनिवार, रात्री १०:०२

माझ्या पिकअपचा नंबर टाकून पाहिला. मागचा कॅमेरा. चिंगी, हसू नकोस.